पाडलेला प्रेस दिसला, फोडलेला संगणक दिसला नाही

२५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन आणि तिथला बुद्धभूषण प्रिंटिंग प्रेस पाडण्यात आला. सकाळ उजाडेपर्यंत बातमी महाराष्ट्रभर गेली. नाशिक रोडच्या आमच्या वस्त्यांमध्ये त्या दिवशी दुसरा विषय नव्हता. १९ जुलैला मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. ते योग्यच होते. बाबासाहेबांचा प्रेस म्हणजे विटामातीची इमारत नव्हती, ती आमची वाचा होती.

पण त्याच जून महिन्यात, बारा दिवस आधी, आणखी एक घर फोडले गेले होते. त्याचा आवाज कुणाला आला नाही. १३ जूनला दिल्लीत रोना विल्सन यांना ओळखीच्या सहकाऱ्याच्या खात्यावरून ईमेल आला. सोबतचा दस्तऐवज साधाच दिसत होता. तो उघडला आणि 'नेटवायर' नावाचा छुपा प्रोग्राम त्यांच्या संगणकात बसला. अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या न्यायवैद्यक संस्थेच्या २०२१ च्या अहवालानुसार पुढचे बावीस महिने तो संगणक दुसऱ्याच्याच ताब्यात होता. ज्या पत्रांच्या आधारावर भीमा कोरेगाव प्रकरण उभे राहिले, ती पत्रे बाहेरून आणून एका लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवली गेली आणि विल्सन यांनी ती कधी उघडल्याचा पुरावा सापडला नाही, असे हा अहवाल म्हणतो. नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या संगणकात तर तेच नेटवायर फेब्रुवारी २०१६ मध्येच शिरले होते, असे याच संस्थेने नंतर सांगितले. तपास यंत्रणेने हे निष्कर्ष मान्य केलेले नाहीत आणि ही गोष्ट कोर्टातच सिद्ध व्हायची आहे. पण आपण धडा घ्यायला निकालाची वाट पाहण्याची गरज नाही.

प्रेस पडला तेव्हा धूळ उडाली, म्हणून आम्ही धावलो. संगणक फोडला जातो तेव्हा धूळ उडत नाही. मग धावणार कोण आणि कुठे?

बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढले, १९२७ साली 'बहिष्कृत भारत', १९३० साली 'जनता' आणि १९५६ साली 'प्रबुद्ध भारत'. दुसऱ्याच्या छापखान्याच्या मर्जीवर चळवळ चालत नाही, हे ओळखून त्यांनी स्वतःचा प्रेस उभा केला. आज आमचा प्रेस कुठे आहे? जेलरोडच्या, देवळाली गावाच्या, सिन्नर फाट्याच्या दोन खोल्यांच्या घरात, टीव्हीशेजारच्या टेबलावर आहे. जयंतीचे पत्रक तिथे तयार होते. वर्गणीचा हिशेब तिथे असतो. मुलांचे जातीचे दाखले आणि शिष्यवृत्तीचे अर्ज तिथे असतात. ॲट्रॉसिटीच्या केसची कागदपत्रे, फिर्यादीचा पत्ता, साक्षीदारांची नावे तिथेच असतात. गावातला साक्षीदार फुटावा म्हणून त्याच्यावर काय काय दबाव येतो हे आम्हाला माहीत आहे. त्याचे नाव ज्या संगणकात आहे, त्या संगणकाचे दार आम्ही उघडे टाकले असेल, तर त्याचा दोष आम्ही कुणाला देणार?

आमच्या वस्तीतलीच एक गोष्ट सांगतो. प्रेसमधून निवृत्त झालेले एक काका. त्यांनी नातवाच्या अभ्यासासाठी घरी इंटरनेट घेतले. जोडणाऱ्या पोराने काकांचा मोबाइल नंबर हाच वायफायचा पासवर्ड ठेवला आणि तो निघून गेला. लॉकडाऊनमध्ये शेजारच्या पोरांची शाळा मोबाइलवर आली. काकांनी कुणालाच नाही म्हटले नाही. अकरा घरांत तो पासवर्ड गेला, तिथून कुठे कुठे गेला ते कुणी मोजले नाही. एके दिवशी चौकशीचा फोन आला. या जोडणीवरून कुणीतरी बनावट खात्याने घाणेरडा मजकूर टाकला होता. जोडणी काकांच्या नावावर, म्हणून बोलावणे काकांना. ज्यांना साधा स्मार्टफोन नीट चालवता येत नाही, ते काका दोनदा जाऊन बाकावर बसून आले. पुढे त्यांच्यावर काही झाले नाही. पण मजकूर कुणी टाकला हे कधीच कळले नाही, कारण आपल्या राउटरवर त्या दिवशी कोण कोण होते हे काकांना दाखवताच येत नव्हते. चाळीस वर्षांच्या नोकरीत ज्या माणसावर एक शिंतोडा उडाला नाही, तो म्हातारपणी शेजाऱ्यांच्या नजरा चुकवू लागला.

ही गोष्ट सांगितली की काही जण म्हणतात, चूक काकांचीच, दुसऱ्याला वायफाय द्यायचेच कशाला? आम्हाला हे मान्य नाही. ज्या समाजाला पाणवठ्यावर पाणी नाकारले गेले, त्याने शेजारच्या पोराला अभ्यासासाठी इंटरनेट नाकारावे, हा सल्ला आम्ही देणार नाही. काकांची वृत्ती चुकली नाही, मांडणी चुकली. बहुतेक राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क करण्याची सोय असते. शेजाऱ्यांना ते द्यावे, घरचा संगणक मुख्य नेटवर्कवर ठेवावा. ओसरीवर कुणीही बसावे, तिजोरीच्या खोलीत नाही, इतकीच ही गोष्ट आहे. त्याने मजकूर टाकणारा सापडेलच असे नाही, म्हणून पासवर्ड कुणाकुणाला दिला याची नोंद वहीत हवी आणि तो अधूनमधून बदलायला हवा. हे काकांना कुणी सांगितले नव्हते. सांगण्याचे काम आमचे होते आणि आम्ही ते केले नाही.

दुसरा आक्षेप नेहमीचा: 'आमच्याकडे चोरण्यासारखे आहे काय?' भीमा कोरेगाव प्रकरणाने या प्रश्नाला उत्तर दिले आहे. धोका फक्त चोरून नेण्याचा नाही, आणून ठेवण्याचाही आहे. रिकाम्या घराला कुलूप लागत नाही असे समजणाऱ्याच्या घरात दुसऱ्याचा मुद्देमाल सापडला, तर तो काय सांगणार?

तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो आमच्या जवळच्या कार्यकर्त्यांकडून येतो. ते म्हणतात, 'ज्यांच्यामागे मोठी ताकद उभी आहे, त्यांना तुमचा राउटरचा पासवर्ड काय अडवणार?' यातला खरा भाग आम्ही मान्य करतो. विल्सन यांचा राउटर कितीही पक्का असता, तरी ते नेटवायर थांबले नसते. ते भिंत फोडून आले नाही, मित्राच्या नावाने दार वाजवून आले. पण म्हणून काहीच करू नये, हा निष्कर्ष चुकीचा आहे. सेंटिनेलवन या संगणक-सुरक्षा कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये या हल्लेखोरांच्या पद्धतींवर अहवाल दिला. निदान २०१२ पासून कार्यकर्ते, वकील, पत्रकार यांच्यावर नेम धरला जात होता आणि त्यासाठी वापरलेली हत्यारे साधी, बाजारात मिळणारी होती, असे त्यात म्हटले आहे. हल्ला साधा असेल तर साध्या सावधगिरीने तो पुष्कळदा अडतो. सगळ्या रोगांवर औषध नाही म्हणून कुणी पाणी उकळून पिणे सोडत नाही.

नाशिक रोडच्या लोकांना तर ही गोष्ट शिकवावी लागू नये. इथे १९२५ पासून इंडिया सिक्युरिटी प्रेस आहे, १९२८ पासून करन्सी नोट प्रेस आहे. आमच्या दोन-तीन पिढ्यांची चूल या प्रेसच्या भोंग्यावर पेटली. प्रेसचा कामगार काय सांगतो? आत जाताना ओळख दाखवायची आणि बाहेर पडताना झडती द्यायची. घरचा राउटर यातले अर्धेच काम करतो. बाहेरून आगंतुक आला तर तो बहुधा अडवतो, पण आतून कुणी बाहेर निघाले तर त्याला विचारत नाही. नेटवायरसारखा प्रोग्राम नेमका याचाच फायदा घेतो. एकदा आत बसला की तो आतूनच आपल्या मालकाला हाक मारतो. म्हणून दोन्ही दारांची राखण हवी.

आता कामाचे बोलू. हे सगळे एका रविवारी दोन तासांत होते आणि बहुतेकांना एक रुपयाही लागत नाही.

पहिले काम राउटरचे. त्याच्या खालच्या चिकटपट्टीवर पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. तो ब्राउझरमध्ये टाकला की राउटरचे पान उघडते. तिथला 'ॲडमिन' पासवर्ड आधी बदला. वायफायचा पासवर्ड आणि हा पासवर्ड वेगळे असतात, हेच पुष्कळांना माहीत नसते. २०१६ साली 'मिराई' नावाच्या प्रोग्रामने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेले पासवर्ड कुणी बदलले नव्हते म्हणूनच. वायफायसाठी डब्ल्यूपीए-३ असेल तर ते, नसेल तर डब्ल्यूपीए-२ निवडा. पासवर्ड म्हणून एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द घ्या. मोबाइल नंबर नको, पोराचे नाव नको, आणि 'जयभीम' तर अजिबात नको, कारण आमच्या वस्तीत कुणीही पहिला अंदाज तोच करील. बटण दाबून जोडण्याची डब्ल्यूपीएसची सोय आणि बाहेरून राउटर चालवण्याची सोय, दोन्ही बंद करा. स्मार्ट टीव्ही आणि कॅमेरा पाहुण्यांच्या नेटवर्कवर टाका.

दुसरे काम आतून बाहेर जाणाऱ्या वाटेचे. राउटरमध्ये डीएनएसच्या जागी ९.९.९.९ हा पत्ता भरला की क्वाड-नाइन ही मोफत सेवा माहीत असलेल्या घातक पत्त्यांकडे जाणारी वाट अडवते. सगळेच अडेल असे नाही, पण गेटवर एक झडती वाढते.

तिसरे काम संगणकाचे. अपडेट टाळू नका. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने जगभरचे संगणक ओलीस धरले, तेव्हा मायक्रोसॉफ्टने त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच दिलेली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती ते बुडाले. जुना संगणक घेतला असेल तर आतली विंडोज कोणती ते पाहा. विंडोज १० ची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाली. ही तारीख आपल्या लोकांना लक्षात ठेवायला सांगावी लागणार नाही. नवी विंडोज चालत नसेल तर मोफत मिळणारे लिनक्स टाका, जुन्या यंत्रावर ते चांगले चालते. रोजच्या वापराचे खाते ॲडमिनचे नसावे. महत्त्वाच्या फायलींची प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर घ्या आणि प्रत झाली की डिस्क काढून कपाटात ठेवा.

चौथे काम माणसांचे आणि तेच सर्वात अवघड. फाइल किंवा लिंक कॉम्रेडची असो, भन्तेंची असो की आमची असो, अनपेक्षित आली तर आधी फोन करून विचारा: 'दादा, हे तुम्हीच पाठवले का?' यात अविश्वास नाही. ईमेलच्या खात्याला दुहेरी पडताळणी लावा, म्हणजे तुमच्या नावाने दुसऱ्याचे घर फोडणे कुणाला सोपे जाणार नाही. चळवळीत आपण एकमेकांवर विश्वास ठेवतो, हीच आपली ताकद आहे आणि हल्ला नेमका तिथूनच येतो. त्या विश्वासाला पडताळणीची जोड द्यायची आहे. तथागतांनीही कुणी सांगितले म्हणून मानू नका, तपासून घ्या, अशीच शिकवण दिली. तीच ईमेलला लावायची.

पैशाची ऑनलाइन फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका, त्याच क्षणी राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करा. तो क्रमांक आहे १९३०. काळाराम मंदिर सत्याग्रहाचे साल. नाशिकच्या माणसाने तो विसरायचा नाही.

शेवटी एक गैरसमज दूर करतो. 'आपली चळवळ उघड आहे, आपल्याला लपवायचे काय?' असे ज्येष्ठ मंडळी म्हणतात. चळवळ उघडच आहे आणि उघडच राहील. पण दाराला कडी लावणारा माणूस काही लपवत नसतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. बाबासाहेबांच्या संविधानाच्या अनुच्छेद २१ मध्येच तो हक्क आहे. हक्क कागदावर असतो, त्याची राखण माणसांना करावी लागते. चवदार तळ्याने हेच शिकवले. पाण्याचा हक्क महाड नगरपालिकेच्या ठरावात आधीच होता, ओंजळ मात्र आपल्यालाच भरावी लागली.

म्हणून आमचा प्रस्ताव साधा आहे. प्रत्येक विहारात महिन्यातून एक रविवार यासाठी ठेवावा. इंजिनिअरिंग, आयटीआय शिकणाऱ्या पोरापोरींनी पाच-पाच घरे वाटून घ्यावीत. राउटरची किल्ली जोडणाऱ्याच्या हातून काढून घरातल्या माणसाच्या हातात द्यावी, आणि शक्यतो घरातल्या बाईच्या हातात द्यावी, कारण घरात काय येते आणि काय जाते हे तिला सर्वांत आधी कळते. ज्ञान मूठभरांच्या हातात राहिले की उरलेल्यांचे काय होते, हे आपण हजारो वर्षे भोगले. संगणकाच्या बाबतीत तीच चूक आपण आपल्या हाताने करू नये.

काकांच्या घरापासून आम्ही सुरुवात केली. त्यांच्या घरी आता दोन नेटवर्क आहेत. अकरा घरांची पोरे अजूनही तिथल्याच इंटरनेटवर शिकतात आणि नवा पासवर्ड काकांनी स्वतः, आपल्या हाताने टाकला आहे.

जय भीम!