पाण्यात फेकलेली फीत

उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. दौंडच्या पूर्वेकडील गावांना ते नवे नाहीत. हा उंच पक्षी जागच्या जागी उडत नाही. पाण्यावर पावले टाकत धावतो आणि पुरेसा वेग आला की पंख त्याला उचलतात. इटलीच्या जिआन्नी काप्रोनी यांना हेच शंभर प्रवाशांसह करायचे होते.

त्यांचे 'सीए-६०' म्हणजे तरंगता वाडाच. तिनाच्या तीन रांगांत नऊ पंख आणि प्रत्येकी सुमारे ४०० अश्वशक्तीची आठ इंजिने. मार्च १९२१ मध्ये मॅजोरे सरोवरावर, साठ प्रवाशांइतके वजन भरून ते उडवले. जेमतेम काही मीटर वर जाऊन ते पाण्यावर कोसळले. वैमानिक बचावला. आतले वजन सरकल्याने तोल बिघडला, असे एक स्पष्टीकरण आहे. एसटीत सगळे मागे दाटले तरी गाडी कुरकुरत का होईना चालते. विमानाचा गुरुत्वमध्य मर्यादेबाहेर गेला की वैमानिकाच्या हातात फारसे काही उरत नाही.

हायाओ मियाझाकी यांच्या 'द विंड रायझेस' (२०१३) या जपानी अ‍ॅनिमेशनपटात हे विमान पुन्हा उभे राहते, आणि पुन्हा मोडते. तिथला काप्रोनी चिडून चित्रीकरणाची फीतच पाण्यात फेकतो. प्रेक्षक हसतात. आम्हाला मात्र आपल्याकडची विज्ञान प्रदर्शने आठवली.

शिरूर असो वा दौंड, तालुक्याच्या प्रदर्शनात टेबलावर येते ते चालणारे प्रतिरूप. चार वेळा जळालेली मोटर आणि न फिरलेली पवनचक्की घरीच राहते. परीक्षक विचारतात, "हे काय करते?" आधी काय बिघडले, हे क्वचितच कोणी विचारते. मग मूल काय शिकणार? फीत लपवायला! (काही प्रतिरूपे तर थेट दुकानातून येतात, हे पालकांनाही ठाऊक आहे.) फसलेल्या प्रयत्नांची वही टेबलावर ठेवणे सक्तीचे करावे आणि तिला चालत्या प्रतिरूपाइतकेच गुण द्यावेत. यासाठी वेगळा निधी लागत नाही. गुणपत्रिकेत एक रकाना वाढवावा लागतो.

प्रत्यक्षात त्या मोडक्या विमानाची छायाचित्रे आजही पाहायला मिळतात, आणि त्याचे काही सुटे भाग इटलीतल्या संग्रहालयात जपून ठेवले आहेत.