योगाची मात्रा किती? लोणावळ्यातून निघालेला प्रश्न शंभर वर्षांनंतरही कायम

विशेष प्रतिनिधी

लोणावळा - औषधाच्या वेष्टनावर घटकद्रव्ये, त्यांचे प्रमाण आणि वापराची मुदत छापलेली असते. ते औषध बाजारात येण्यापूर्वी माणसांवरील चाचण्यांच्या टप्प्यांतून गेलेले असते. मधुमेह, दमा वा हृदयविकारावर उपाय म्हणून सुचविल्या जाणाऱ्या योगाला मात्र असे वेष्टन नाही. कोणती आसने, किती वेळ, किती महिने आणि कोणी करू नयेत, याची उत्तरे शिक्षकागणिक बदलतात. योगाचा सरकारी आरोग्यसेवेत शिरकाव होत असताना हा प्रश्न केवळ पंडितांच्या चर्चेचा राहिलेला नाही.

या प्रश्नाला प्रयोगशाळेत नेण्याचा पहिला मोठा प्रयत्न मावळातच झाला, ही बाब पुण्या-मुंबईहून पावसाळी सहलीसाठी लोणावळ्यात येणाऱ्या अनेकांना ठाऊक नसते. जगन्नाथ गणेश गुणे तथा स्वामी कुवलयानंद (१८८३-१९६६) यांनी १९२४ मध्ये येथे कैवल्यधामाची स्थापना केली. बडोद्याच्या राजरत्न माणिकरावांकडे व्यायामविद्या आणि नर्मदाकाठच्या माधवदासजी महाराजांकडे योग शिकलेला हा माणूस अमळनेरच्या राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळीतून आला होता. त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू झाले. योगक्रियांची मोजमापे, आलेख आणि क्ष-किरण चित्रे हे त्याचे वैशिष्ट्य होते.

प्रयोग श्रद्धेलाही तपासणारे

कुवलयानंदांनी उड्डियान आणि नौली या क्रियांचा अभ्यास बडोद्याच्या सरकारी रुग्णालयात क्ष-किरणांच्या साहाय्याने केला. बस्तीच्या वेळी साधक कोणत्याही उपकरणाविना पाणी आत कसे ओढतो, याचे उत्तर त्यांनी दाबमापकाने शोधले. नौली करताना मोठ्या आतड्यातील दाब बाहेरील हवेपेक्षा कमी होतो, असे आढळले. या निर्वाताला त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले.

या परंपरेचे बळ केवळ अनुकूल निष्कर्षांत नव्हते. प्राणायामामुळे शरीराला भरमसाट प्राणवायू मिळतो, ही समजूत त्या काळीही प्रचलित होती. प्राणायामाचे महत्त्व प्राणवायूच्या साठ्यात नाही, असे कुवलयानंदांनी स्वतःच्या मोजमापांच्या आधारे सांगितले. पुढे १९६८ मध्ये येथील करंबेळकर, विनेकर आणि भोळे या संशोधकांनी हवाबंद खड्ड्यात राहणाऱ्या व्यक्तींवरील अभ्यास 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये प्रसिद्ध केला. भूमिगत समाधीचे जाहीर प्रयोग ज्या देशात गर्दी खेचत, तेथे खड्ड्यातील हवेचे रासायनिक पृथक्करण करणे हे धाडसच होते. योगी हृदय थांबवू शकतात, हा दावाही अमेरिकी संशोधक वेंगर आणि त्यांचे सहकारी बागची यांनी भारतात येऊन तपासला. नाडी हाताला लागेनाशी झाली, तरी हृदयाचे कार्य सुरूच असते, असे त्यांच्या १९६१ च्या निबंधातून दिसले.

मोठ्या चाचण्यांचा कौल

तथापि, शरीरात काय घडते हे मोजणे आणि त्याने आजार बरा होतो हे सिद्ध करणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. औषधाच्या चाचणीत रुग्णाला खरी गोळी मिळाली की साखरेची, हे त्याच्यापासून लपविता येते. आसन करणाऱ्याला आपण आसन करीत आहोत हे ठाऊक असतेच. शिक्षकाचा आपुलकीचा सहवास, आहारातील बदल आणि गावाबाहेरची शांतता यांचा परिणाम योगाच्या परिणामापासून वेगळा काढणे त्यामुळे कठीण होते. निवासी शिबिरात उतरलेली रक्तशर्करा घरी परतल्यावर किती टिकते, हा प्रश्न वेगळाच.

अलीकडील चाचण्यांचे निष्कर्ष म्हणूनच काळजीपूर्वक वाचायला हवेत. दम्यावरील १५ चाचण्या आणि १,०४८ रुग्णांचा २०१६ मधील 'कॉक्रेन' आढावा सांगतो, की योगामुळे लक्षणे आणि जीवनमान यांत बहुधा थोडी सुधारणा होते. मात्र, अधिक भक्कम चाचण्या आवश्यक आहेत. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ३,९५९ भारतीय रुग्णांवर २४ केंद्रांत झालेली 'योगा-केअर' चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. मृत्यू, पुन्हा झटका, पक्षाघात किंवा तातडीने रुग्णालयात दाखल होणे यांचे एकत्रित प्रमाण योग गटात ६.७ टक्के, तर दुसऱ्या गटात ७.४ टक्के होते. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठरला नाही. अशा घटना अपेक्षेपेक्षा कमी घडल्याने चाचणीची निर्णायक क्षमताही घटली होती. रुग्णांना स्वतःला वाटणारे आरोग्य मात्र योग गटात किंचित सरस होते. याचा अर्थ योग निरुपयोगी असा नाही, आणि योगाने झटका टळतो असाही नाही.

खरा धोका गोळी बंद करण्याचा

देशात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असल्याचा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीतून २०२३ मध्ये पुढे आला. एवढ्या मोठ्या संख्येला स्वस्त, सोपा आणि दीर्घकाळ करता येण्याजोगा व्यायाम हवाच आहे. अडचण तेथे नाही. 'योगाने मधुमेह जातो' या जाहिरातवजा वाक्यावर विसंबून रुग्ण गोळ्या बंद करतो, तेथे ती आहे. इन्सुलिनवर जगणाऱ्या मुलाच्या बाबतीत ही चूक काही दिवसांतच प्राणघातक ठरू शकते. मधुमेह बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. शिबिरात व्यासपीठावरून उच्चारलेल्या वाक्याचे काय, हा प्रश्न उरतोच.

संयुक्त राष्ट्रसंघाने २१ जून हा योगदिन ठरविला, तो २०१५ पासून साजरा होतो. स्वतंत्र आयुष मंत्रालय २०१४ मध्ये आले. आरोग्य उपकेंद्रांच्या पातळीवरही योगसत्रांची योजना झाली. उत्साहाला तोटा नाही, उणीव आहे ती नोंदींची. द्रुतगती मार्गाने येऊन आठवडाभर राहू शकणाऱ्या शहरी माणसावरील निष्कर्ष भातखाचरात दिवसभर वाकून लावणी करणाऱ्या मावळातील स्त्रीला लागू पडतीलच असे नाही. सत्राला कोण आले, किती दिवस टिकले, कोणाची औषधे चालू होती आणि वर्षानंतर साखर व रक्तदाब किती होता, एवढे जरी केंद्रांवर नियमित नोंदविले, तरी पुढील चाचण्यांना भक्कम पाया मिळेल.

क्ष-किरणांसमोर योगाला उभे करण्यात अवमान होतो, असे कुवलयानंदांना वाटले नव्हते. त्यांचे नाव घेणाऱ्यांनी प्रतिकूल निष्कर्षही त्याच निर्भयतेने छापले पाहिजेत. तोवर रुग्णाला देता येण्याजोगा प्रामाणिक सल्ला एकच आहे. योग जरूर करावा, पण गोळी कमी करायची की नाही हे डॉक्टरांनी तपासणी करूनच ठरवावे.