लिनक्स, लहान संकेतस्थळे आणि जिल्ह्याचे दप्तर

संपादक महोदय,


विंडोज १० या प्रणालीला तिच्या मायक्रोसॉफ्ट या कंपनीकडून नियमाने मिळणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या, आणि तिच्या जागी येणाऱ्या विंडोज ११ ला टीपीएम २.० या सुरक्षा-घटकाची सोय व बऱ्याच अलीकडचा प्रोसेसर लागतो. परिणामी शाळांतून, ग्रामपंचायतींतून आणि तालुक्याच्या लहानसहान कचेऱ्यांतून निमूटपणे काम करणारी पुष्कळशी यंत्रे, त्यांच्यात कोणताही बिघाड नसताना, निर्लेखनाच्या यादीत जाऊन बसण्याच्या बेतात आहेत. काही अटींवर वाढीव मुदत मिळते खरी, परंतु तिने प्रश्न केवळ लांबणीवर पडतो. अशा वेळी नवी यंत्रे खरेदी करण्याचा एकच सल्ला चहूकडून दिला जात असल्यामुळे, लिनक्स या मुक्त प्रणालीचा दुसरा मार्ग उपलब्ध आहे आणि आपल्या धाराशिवसारख्या जिल्ह्याला तोच अधिक श्रेयस्कर आहे, हे आपल्या पत्राद्वारे मांडण्याची अनुज्ञा असावी.

लिनक्स विनामूल्य मिळते म्हणून ती घ्यावी, असे सांगणारे तिचे हितचिंतकच तिचे नुकसान करतात असे माझे मत आहे. कारण किमतीचा मुद्दा पुढे केला की ऐकणाऱ्याला ती गरिबाघरची तडजोड वाटू लागते, आणि खरा मुद्दा, म्हणजे आपले दप्तर कोणाच्या मर्जीवर चालावे हा, बाजूला राहतो. या मुद्द्याचे मर्म धाराशिव जिल्ह्याला तरी विस्ताराने सांगावे लागू नये. १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली असलेल्या मराठवाड्याच्या जुन्या नोंदी २०२३ साली मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने पुन्हा धुंडाळल्या गेल्या, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्या जाणकारांवाचून त्या कामाचे पान हलेना; परंतु जाणकार सापडला की कागद बोलू लागे, कारण मोडी कोणाच्या मालकीची नव्हती आणि ती शिकणाऱ्याला कोणाकडून परवान्याचे नूतनीकरण करून घ्यावे लागत नव्हते. याच्या उलट, पंचवीस वर्षांपूर्वी एखाद्या पतसंस्थेने त्या काळच्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकून ठेवलेले इतिवृत्त आज उघडावे, तर नेमका तोच फॉन्ट हाताशी नसल्यास पडद्यावर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची अर्थशून्य खिचडी तेवढी दिसते! निजामाच्या कारकुनाने लिहिलेला कागद वाचता यावा आणि आपल्याच हयातीत, आपल्याच भाषेत लिहिलेला वाचता येऊ नये, ही स्थिती कोणत्याही दप्तराला भूषणावह नाही.

फॉन्टचा हा घोळ युनिकोडने बव्हंशी मिटवला, आणि तो ज्या तत्त्वाने मिटवला तेच तत्त्व लिनक्स व तिच्याबरोबर येणारा लिब्रेऑफिस हा कचेरीकामाचा संच यांच्या मुळाशी आहे: रचना उघड असावी, कोणालाही तपासता यावी, आणि ती चालवणारी मंडळी उद्या दुकान बंद करून गेली तरी काम अडू नये. काम अडण्याची भीती काल्पनिकही नाही. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने निर्बंध लादल्यानंतर मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या, गुजरातेत वाडीनार येथे अवाढव्य तेलशुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्या कंपनीच्या सेवा स्थगित केल्या; कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. तिच्यापाशी वकील उभे करण्याची ऐपत होती. आपल्या भूम किंवा वाशी तालुक्यातील एखाद्या दूध संस्थेवर तशी वेळ आली, तर तिने कोणाचे दार ठोठावावे?

आक्षेपकांचे म्हणणे मी हलके लेखत नाही. उमरगा काय, कळंब काय, लग्नपत्रिका छापणाऱ्याचा सारा संसार कोरलड्रॉ आणि पेजमेकरवर उभा असतो आणि त्याला लिनक्सचा उपदेश करणे निव्वळ निर्दयपणाचे होईल. सेवा केंद्रांतील बोटांचे ठसे घेणाऱ्या उपकरणांचीही कमीअधिक तीच अडचण आहे. ही मंडळी आहेत तेथेच राहोत. परंतु शाळेत मुलाने मराठीत निबंध टंकावा, गणिताचे आलेख काढावेत, माहिती शोधावी, यांपैकी कशालाही विंडोज लागत नाही. इन्स्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये सहज घेता येतो, आणि मिंटसारखी लिनक्स-प्रणाली तर विंडोजला सरावलेल्या हाताला फारशी परकीही वाटत नाही. मुलाला पुढे नोकरीत विंडोजच हाताळावी लागेल, हा पालकांचा युक्तिवाद केरळने कधीच निकालात काढला आहे; तेथील सरकारी शाळा दीड तपाच्या आसपास मुक्त प्रणालीवर शिकवीत आहेत आणि तेथील मुले त्यामुळे नोकरीत मागे पडल्याचे कोणी म्हणत नाही. आपल्याकडेही सी-डॅकने ‘बॉस’ ही डेबियनवर आधारलेली, मराठी जाणणारी प्रणाली सिद्ध केलेली आहे. तिची आठवण मात्र परिपत्रकांपुरतीच होते.

जे यंत्राविषयी, तेच महाजालाविषयी. आज गावाची यात्रा, बाजार समितीचे भाव, शाळेचा निकाल, सारे काही फेसबुकच्या भिंतीवर किंवा व्हॉट्सअॅपच्या गटात टाकून आपण मोकळे होतो. खाते नसलेल्याला त्यातले थोडेच दिसते आणि दोन वर्षांनी शोधू म्हणणाऱ्याला काहीच सापडत नाही. ज्यांच्या तरुणपणी ऑर्कुट हे गप्पागोष्टींचे संकेतस्थळ होते त्यांना हे पटावे. २००४ साली निघालेले ते स्थळ ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले आणि तेथे रंगलेली मराठी चर्चा त्याच्याबरोबर गेली. मात्र त्याच्या कितीतरी आधी, १९९६ साली, परदेशस्थ मराठी माणसांच्या पुढाकाराने निघालेले ‘मायबोली’ हे स्वतंत्र संकेतस्थळ त्यानंतरही चालू राहिले. स्वतःच्या जागेचे हे महत्त्व आपल्याच जिल्ह्यात पाहावे: तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी प्राचीन तगर नगरीच्या मातीतून निघणाऱ्या वस्तू स्वतःच्या हौसेने जमवल्या आणि पुढे त्यांतून शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. तो संग्रह त्यांनी परक्याच्या ओसरीवर मांडला असता, तर घरमालकाच्या लहरीनुसार तो केव्हाच रस्त्यावर आला असता. महाजालावरही वर्षाला काही शे रुपयांत स्वतःचा पत्ता मिळतो, २०१४ पासून तो देवनागरीत ‘.भारत’ असाही घेता येतो, आणि साध्या मजकुराची पाने ठेवायला मोठी यंत्रसामग्री लागत नाही. फेसबुकवर जाहिरात अवश्य करावी. मूळ मजकूर मात्र स्वतःच्या पत्त्यावर असावा.

यास्तव जिल्हा परिषदेस माझी विनंती आहे की, निर्लेखनाचा ठराव घेण्यापूर्वी आठही तालुक्यांतील प्रत्येकी एका शाळेत जुन्या यंत्रांवर लिनक्स घालून एक शैक्षणिक वर्ष ती चालवून पाहावी, कोणती अडचण आली आणि ती कशी सुटली याची टिपणे शिक्षकांकडून लिहून घ्यावीत, आणि ती खात्यावाचून कोणालाही वाचता येतील अशा रीतीने परिषदेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावीत. नव्या खरेदीची निविदा त्यानंतर काढावी.

आपला,
एक वाचक
कळंब, जि. धाराशिव