मारेकरी पाठ, माणसं विस्मरणात

मुरुममध्ये माझं शिवणकामाचं दुकान आहे. मशीन चालू असली की मोबाइलवर गुन्ह्यांचे पॉडकास्टही चालू. हात कापडावर, कान तिकडे. जोशी-अभ्यंकर हत्याकांड लागलं की माप द्यायला आलेल्या बायकाही टेकतात. १९७६-७७ साली पुण्यात दहा खून, १९८३ मध्ये येरवड्यात चौघांना फाशी. त्या चौघांतला जक्कल कसा होता, गळे कसे आवळले, सगळं रंगवून सांगतात. पण मारल्या गेलेल्या काशिनाथशास्त्री अभ्यंकरांनी संस्कृत व्याकरणाचा कोश रचला होता, हे मी ऐकलेल्या एकाही भागात नव्हतं.

ऐकू नका, असं माझं म्हणणं नाही. पण आरोपीला शिक्षा झाली की न्याय पुरा झाला का? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार तपास कुठवर आला, हे पोलिसांनी ९० दिवसांत पीडिताला कळवायचं असतं. भरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं दार ठोठावता येतं. आमच्याकडे हे कितीजणांना ठाऊक आहे? पॉडकास्टवाल्यांनो, रक्तपात दोन मिनिटं कमी करा आणि तेवढ्यात हे सांगा. आणि नातेवाइकांना विचारल्याशिवाय त्यांच्या घरातलं मरण विकू नका.