पीटीचा तास कुणी खाल्ला?

दहावीचा निकाल लागला की आमच्या विश्रामबागेत पावसाआधी फ्लेक्स उगवतात. प्रत्येक शाळेच्या कुंपणावर एक. वर संस्थापक, खाली संचालक मंडळ, मग मुख्याध्यापक, आणि उरलेल्या जागेत पासपोर्टएवढी मुलं. कुणी ९६ टक्के, कुणी ९४.२०. अलीकडे त्यात आणखी एक रकाना वाढलाय, ‘कला व क्रीडा क्षेत्रातील उत्तुंग यश’. त्याखाली एक धनुष्य घेतलेला मुलगा, एक कराटेच्या पोशाखातली मुलगी, एक भरतनाट्यमवाली. शेवटी ‘आमचा अभिमान, शाळेची शान’.

यमक चांगलं जुळलंय. पण यातलं शाळेचं किती, एवढंच मला विचारायचंय.

माहेर सातारा, सासर सांगली. दोन्हीकडे मिळून ३४ वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. त्यामुळे शाळेत काय होतं आणि फ्लेक्सवर काय छापलं जातं, हे मी दोन्ही बाजूंनी पाहिलंय. ती कराटेची मुलगी खाजगी क्लासला जाते, फी आईबाप भरतात. धनुष्यवाल्याला पहाटे पाचला मोटारसायकलवरून त्याचे वडील सोडतात. शाळेनं काय केलं? स्पर्धेसाठी चार दिवस रजा मागितली तेव्हा ‘चाचणी बुडेल’ म्हणून कुरकूर केली, आणि पदक आलं तेव्हा फोटो मागवला.

मोठी नावं घ्या. संकेत सरगर सांगलीचा. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात २४८ किलो उचलून रौप्य मिळवलं, तेही कोपर दुखावलेलं असताना. सुवर्ण एका किलोनं हुकलं. वडिलांची पानटपरी, पोरगा त्यांना हातभार लावून व्यायामशाळेत जाणारा. स्मृती मानधना माधवनगरची. भाऊ क्रिकेट खेळायचा, त्याच्या मागोमाग ही मैदानावर गेली. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ साली बर्लिनमध्ये सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली. वडील शिक्षक, घरानं पाठबळ दिलं, प्रवीण सावंत सरांनी घडवलं. या मुलांच्या यशात घर आहे, प्रशिक्षक आहेत, त्यांचा स्वतःचा घाम आहे. पीटीचा तास कुठं आहे?

तुम्ही म्हणाल, बाई, तुम्ही शाळांवर उठलात की काय! नाही हो. शाळेनं मनावर घेतलं तर काय होतं, याचे दाखलेही आपल्याच मातीत आहेत. प्रवीण जाधव फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा, आईवडील मजुरी करणारे. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकांनी या काटकुळ्या पोराला हेरलं, पळायला लावलं, खाण्यापिण्याकडेही बघितलं, क्रीडा प्रबोधिनीपर्यंत पोचवलं. तो २०२१ मध्ये टोकियोत ऑलिंपिकला उतरला आणि पहिल्याच फेरीत जगातल्या दोन नंबरच्या तिरंदाजाला त्यानं ६-० नं हरवलं. त्याच्या मागचे खाशाबा जाधव, गोळेश्वरचे, कराडच्या टिळक हायस्कूलचे विद्यार्थी. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. घर गहाण टाकणाऱ्या प्राचार्यांनी फ्लेक्स लावला असता तर मी स्वतः खांबावर चढून दोरी बांधली असती.

आता तासाकडे येते. वेळापत्रकात शारीरिक शिक्षण असतं, चित्रकला असते, कार्यानुभवही असतो. तपासणीला साहेब आले की वेळापत्रक काचेखाली झळकतं. प्रत्यक्षात दिवाळी झाली की दहावीचे हे तास गणित-विज्ञानाला जातात, जानेवारीत नववीचे, आणि मग आठवीलाही तीच खोड लागते. मी नोकरी केली त्यातल्या एका शाळेत (नाव घेत नाही) चेंडू, दोऱ्या, लेझमी एका कपाटात होत्या, कपाटाची किल्ली ऑफिसात, आणि ऑफिसातून किल्ली आणायला मुख्याध्यापकांची सही. पीटीच्या सरांना वर्षभर कुणी विचारायचं नाही. २६ जानेवारी जवळ आली की मात्र त्यांच्याशिवाय पान हलत नसे. कवायत दिसते ना, पाहुण्यांना! एरवी कुणी शिक्षक रजेवर गेला की त्याच्या ऑफ तासाला पहिला बळी चित्रकलेच्या सरांचा.

मुलींचं तर बोलायलाच नको. आठवीपासून पुढच्या मुली पीटीला लिंबाखाली बसून असतात. कधी गणवेश अडचणीचा, कधी नुसतंच ‘मुलींनी काय पळायचं’. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओत स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, दहावी आली. तिचा फोटो शाळेच्या भिंतीवर आणि भिंतीच्या सावलीत बसलेल्या मुली, हे चित्र मी पाहिलेलं आहे.

आणि हा दोष एकट्या मुख्याध्यापकांचा नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं परिशिष्ट वाचा. सहावी ते आठवीला, शंभरावर पट असेल तर, कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक. अंशकालीन! पोरगं आठवड्याचे सगळे दिवस अंगात शरीर घेऊन शाळेत येतं, पण ते शरीर बघणारा माणूस अर्धवेळ पुरे, असं कायद्यालाच वाटतं. मग संस्थेनं चित्रकलेचे सर निवृत्त झाल्यावर जागा भरली नाही, तर तिला कोण विचारणार?

चित्रकलेची आणखी एक गंमत. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या परीक्षा आमच्या वेळीही होत्या. मुलं तांब्या, पेला, कांदा समोर ठेवून तासन्‌तास सावली शोधत बसायची. आता इंटरमिजिएटला अ श्रेणी आली तर दहावीला ७ वाढीव गुण, ब ला ५, क ला ३. त्यामुळे परीक्षेला गर्दी वाढली याचा मला आनंद व्हायला हवा. होत नाही. कारण पालक विचारतात, ‘सात मिळतील ना नक्की?’ आणि परीक्षा झाली की रंगांची पेटी माळ्यावर जाते. मुलाच्या हाताला काय आलं, हे कुणी विचारत नाही.

हे सगळं असंच चालायचं, असं म्हणणाऱ्यांना मी औंधला घेऊन जाईन. साताऱ्याच्या खटाव तालुक्यातलं औंध आणि आज सांगली जिल्ह्यात असलेलं आटपाडी एकाच संस्थानात होतं. राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. स्वतः रोज सूर्यनमस्कार घालायचे, त्यावर पुस्तक लिहिलं आणि संस्थानातल्या शाळांमधून मुलामुलींना नमस्कार घालायला लावले. स्वतः चित्रं काढायचे, आणि १९३८ साली औंधच्या टेकडीवर त्यांनी संग्रहालय उभं केलं. तिथं राजा रविवर्मा आहे, हेन्री मूरचं शिल्पही आहे. दुष्काळी मुलखातलं छोटंसं संस्थान, उत्पन्न ते किती! तरी व्यायाम आणि चित्र या दोन्ही गोष्टी त्यांना शिक्षणाच्या बाहेरच्या वाटल्या नाहीत. त्याच औंधच्या शाळेत शेटफळ्याचे ग. दि. माडगूळकर शिकले. मॅट्रिकला गणितात नापास झाले. आजच्या फ्लेक्सवर गदिमांना जागा मिळाली नसती, बरं का.

सांगलीकरांनी तर गॅदरिंगची लाज बाळगायला हवी. याच गावात १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभं केलं. आणि आज शाळेच्या गॅदरिंगला काय असतं? बाहेरून आणलेला नाचाचा मास्तर, भाड्याचे चकचकीत कपडे, सिनेमाची गाणी, प्रत्येकी चार मिनिटं. पैसे भरेल त्याचं पोर पहिल्या रांगेत. नाटक बसवायला दोन महिने लागतात, म्हणून नाटक नको. पण त्या दोन महिन्यांत काय होतं ते मी पाहिलंय. वर्गात तोंड न उघडणारा एक मुलगा आमच्या नाटकात पडदा ओढायला होता. तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्याला सगळ्यांचे संवाद पाठ झाले होते आणि विसरणाऱ्यांना तोच विंगेतून सांगायचा. त्याला कुठलंही बक्षीस मिळालं नाही. फ्लेक्सचा तर प्रश्नच नव्हता.

माझी भाची पुण्याला असते. ती म्हणते, ‘मावशी, मार्कांशिवाय ॲडमिशन मिळत नाही, तुला काय जातं बोलायला?’ तिचं खरं आहे. पण हिशेब तरी करू. आठवड्यातले पस्तीस मिनिटांचे दोन तास. तेवढ्यानं कुणाची इंजिनिअरिंगची जागा जाते? ज्या पोराला शाळा सुटल्यावर थेट क्लासला जायचंय, त्याला दिवसात घाम येण्याची ती एकच संधी. संकेतला, स्मृतीला घर मिळालं, गुरू मिळाले. माझी चिंता त्यांची नाही. आठवी ब मधल्या त्या साठातल्या छप्पन्न जणांची आहे, ज्यांचा कधीच कुठं नंबर येणार नाही आणि ज्यांना शाळेबाहेर चेंडू कुणी देणार नाही.

माझी नात इथल्याच एका शाळेत आठवीत आहे. शनिवारी पालकसभा आहे, सूनबाईला सुट्टी नाही, म्हणून मी जाणार. एकच विचारणार आहे, गेल्या महिन्यात आठवीचे पीटीचे आणि चित्रकलेचे किती तास वेळापत्रकात होते आणि किती झाले. रजिस्टर बघू म्हणणार. मिळालं तर आकडे इथं लिहीन, नाही मिळालं तर तेही लिहीन.