आधी दगड, मग जॅक

दसऱ्याला आमच्या गल्लीतल्या झाडून साऱ्या गाड्यांना झेंडूच्या माळा पडतात. बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक निघते, चाकाखाली लिंबू ठेवले जाते, नारळ फुटतो. या मंगल प्रसंगी मी गेली काही वर्षे एक आगाऊ प्रश्न विचारीत असतो : "जरा डिकी उघडता का?" डिकी उघडली की आत सतरंजी निघते, रिकाम्या बाटल्या निघतात, गेल्या वर्षीचा आकाशकंदील निघतो. जॅक निघत नाही. पाना निघाला तर तो दुसऱ्याच गाडीचा असतो. मग मी जे बोलतो ते सणासुदीला कोणाला आवडत नाही. यंदा तेच सविस्तर लिहून काढीत आहे. फराळाची बशी हातात असताना वाचणाऱ्यांनी क्षमा करावी.

खंडेनवमी ही हत्यारांची पूजा आहे, हे आपण विसरलो आहोत. आमचे अण्णा विसरले नव्हते. त्यांनी १९५८ साली एक जुनी प्लिमथ घेतली, गाडी १९५१ची. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९४७ पासून डॉज, डी सोटो आणि प्लिमथ या अमेरिकन गाड्या जुळवल्या जात, त्यांतलीच ही एक. अण्णा खंडेनवमीला पाटावर लाल कापड अंथरीत आणि त्यावर जॅक, पाना, हातपंप, दोन लाकडी पाचरी आणि एक जाड फळी अशी ओळीने मांडणी करीत. आईने शिवलेल्या कॅनव्हासच्या गुंडाळीत बाकीची हत्यारे असत. प्रत्येकाला गंध आणि फूल. गाडीला स्वतंत्र माळ नसे. "हे जागेवर असलं म्हणजे गाडी पावली," असे ते म्हणत. आम्ही मुले हसत असू. फळीला कसले गंध लावायचे!

अण्णा गेले, गाडी माझ्याकडे आली आणि ती 'विंटेज' झाली. विंटेज कोणत्या सालापर्यंतची म्हणायची, या वादात मी पडत नाही. आपल्या सरकारने २०२१ साली नियम केला, त्यात पन्नास वर्षांवरची आणि मूळ रूप टिकवलेली गाडी विंटेज धरली आहे. त्या हिशेबाने आमची प्लिमथ पक्की विंटेज. तेव्हा मीही विंटेजवाल्यांसारखा वागू लागलो. क्रोम घासले, मेण लावले, मेळाव्यांना गेलो. अण्णांचा जॅक साफ करून काळ्या रंगाने रंगवला आणि दिवाणखान्यातल्या कपाटात ठेवला. पाहुणे कौतुक करीत. पाचरी आणि फळी मात्र कोणाला दाखवण्यासारख्या नव्हत्या. त्या बंबात गेल्या, हे सांगताना मला आजही शरम वाटते.

२०१८च्या दिवाळीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, आम्ही पाचगणीला निघालो. मी, सौ., मुलगी, जावई आणि बारा वर्षांचा नातू. वाई सोडून पसरणीचा घाट चढताना मागचे डावे चाक बसले. माझ्याकडे चौफुली पाना होता, जॅक नव्हता. पाठीमागून एक टेम्पो आला. त्यातला तरणाबांड पोरगा भला होता. "काका, तुम्ही बसा, दोन मिनिटांचं काम," म्हणून त्याने पाना लावला. बोल्ट हलेना. तो पान्यावर उभा राहिला. तरी हलेना. त्याने पान्याला पाईप अडकवला आणि सारा भार टाकला. कडकन आवाज झाला. त्याला वाटले, सुटला. बोल्टाचे डोके तुटून हातात आले होते.

त्या पोराची काहीच चूक नव्हती. जगातला बहुतेक प्रत्येक बोल्ट डावीकडे फिरवला की सुटतो. परंतु प्लिमथ, डॉज, डी सोटो या क्रायस्लरच्या गाड्यांना त्या काळी डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असत. चाक फिरता फिरता बोल्ट आपोआप सैल होऊ नये, हा हेतू. तेव्हा डाव्या बाजूला बोल्ट सोडवायचा तर पाना उजवीकडे फिरवावा लागतो. तो पोरगा अंगातले सारे बळ लावून बोल्ट आवळीत होता! अण्णा म्हणत, "डावं चाक उलट्या डोक्याचं." ते वाक्य मला आठवले, पण बोल्ट तुटल्यावर.

उरलेले चार बोल्ट उजवीकडे फिरवून सुटले. टेम्पोतला जॅक मागच्या आसाखाली लावला. मी हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये टाकली आणि निश्चिंत झालो. चाक उतरले. नातू कुतूहलाने वाकून मडगार्डच्या आत हात घालून ब्रेकचा ड्रम चाचपीत होता. तेवढ्यात त्याच्या आजीने पलीकडून हाक मारली, "अरे, चकली घे." तो उठला, दोन पावले गेला, आणि गाडी मागे सरकली. जॅक आडवा झाला. ड्रम डांबरात रुतला. सगळे मिळून एका श्वासाइतका वेळ लागला असेल. जिथे तो हात होता तिथे आता बोटभरसुद्धा जागा नव्हती.

गाडी सरकली का? हँडब्रेक तुटला नव्हता, गिअरही सुटला नव्हता. या गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांना धरीतच नाही; गिअरबॉक्समागच्या दांड्याला, म्हणजे शाफ्टला धरतो. गिअरही तोच शाफ्ट धरतो. शाफ्ट स्थिर असला तरी डिफरन्शियलमुळे एक मागचे चाक पुढे आणि दुसरे मागे फिरू शकते. दोन्ही चाके जमिनीवर असतात तोवर ती एकमेकांना अडवून धरतात. एक हवेत उचलले की ते खुशाल उलटे फिरते आणि जमिनीवरचे दुसरे उतारावर चालू लागते. म्हणजे मागचे चाक बदलताना, नेमके हवे तेव्हाच, हा ब्रेक निकामी. लाकडाच्या त्या दोन पाचरी म्हणजेच या गाडीचा खरा हँडब्रेक होता, आणि मी तो बंबात घातला होता.

मागून एस.टी. आली. ड्रायव्हर उतरले, एकवार गाडीकडे पाहिले आणि कोणाशीही न बोलता रस्त्याकडेचे दोन मोठे दगड उचलून जमिनीवरच्या चाकांमागे घट्ट बसवले. जॅकखाली द्यायला एस.टी.तून एक लाकडी ठोकळा आणला. आमची स्टेपनी त्यांनी आडवी करून गाडीच्या पोटाखाली सरकवली. पुन्हा जॅक घसरलाच तर गाडी तिच्यावर टेकेल, माणसावर नव्हे. मग मला म्हणाले, "साहेब, आधी दगड, मग जॅक." शाळा सोडल्यापासून मला इतका उपयोगी धडा कोणी दिला नाही.

आता माझे भांडण कोणाशी आहे ते सांगतो. पहिले भांडण 'फोन करू' पंथाशी. यांचे म्हणणे, आता मदत मागवता येते, हत्यारांचे ओझे कशाला? त्यांना माझा सवाल आहे : घाटाच्या वळणावर फोन लागला, मदतही आली, तरी येणाऱ्याला तुमच्या गाडीचे उलटे आटे ठाऊक असतील का? त्याचा पाना मिलिमीटरचा, तुमचा बोल्ट इंचाचा. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्याला तेराचा पाना 'चालतो' म्हणतात. तो चालतो म्हणजे बोल्टाचे कोपरे खातो. जुन्या गाडीत मदतनीस बाहेरून येतो, ज्ञान आणि हत्यार मात्र घरूनच न्यावे लागते. तारेच्या चाकांच्या जुन्या एम.जी. गाड्यांना तर बोल्टच नसतात. मधोमध एकच कानांचे मोठे नट असते आणि ते तांब्याच्या किंवा शिशाच्या मऊ हातोड्याने ठोकून सोडवायचे असते. तिथे पंक्चरवाल्याने भल्या बुद्धीने लोखंडी हातोडा चालवला, तर दोष कोणाचा? हातोडा घरी ठेवून आलेल्या मालकाचा.

दुसरे भांडण 'नव्या गाडीत तर स्टेपनीच नसते' म्हणणाऱ्यांशी. खरे आहे. २०२० साली नियम बदलला. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असेल तर छोट्या प्रवासी गाडीला स्टेपनीची सक्ती उरली नाही. पण ती सवलत नव्या गाडीला आहे, कारण तिच्यात स्टेपनीच्या बदली काहीतरी दिलेले आहे. आमच्या गाडीत ट्यूब आहे. तिला मोठे भोक पडले की हवा राहतच नाही, मग डबीतला द्राव कुठे भरणार? सुनेने माहेरचे दागिने आणले नाहीत म्हणून सासूने आपले विकायचे, असला हा न्याय!

आणि स्टेपनी हा शब्द तरी काय आहे? वेल्समधल्या लानेली गावी स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. तिथल्या डेव्हिस यांनी १९०४ साली गाडीत बाळगायचे जादा चाक तयार केले. त्यापूर्वी मोटारीबरोबर जादा चाक येतच नसे. टायर फुटला की भर रस्त्यात तो सोलून काढायचा, ट्यूब जोडायची आणि पंप मारीत बसायचे. त्या हालांवर उपाय निघाला आणि त्या रस्त्याचे नाव आपल्या गल्लीगल्लीत पोहोचले. विंटेज विंटेज म्हणून मिरवणाऱ्यांना या वस्तूचा अभिमान नसावा, तर कशाचा असावा?

तिसरे भांडण सर्वांत नाजूक, कारण ते माझ्याच बिरादरीशी आहे. मेळाव्यांत काही मंडळी गाडीशेजारी मखमलीवर मूळ हत्यारे मांडतात. परीक्षक वाकून पाहतात, गुण देतात. एका मेळाव्यात मी एका गृहस्थांना विचारले, "हा जॅक आपण कधी लावून पाहिलात?" ते म्हणाले, "छे! रंग जाईल." या हत्यारांना मी देवघरातले देव म्हणणार नाही, कारण देवघरातल्या देवांना रोज पाणी तरी मिळते. शिवाय जे मूळ ते योग्यच, हेही मला मान्य नाही. आमच्या प्लिमथचा मूळ जॅक बंपरला अडकवून गाडी उचलायचा. सत्तर वर्षांच्या बंपरावर आणि त्याच्या गंजल्या पट्ट्यांवर दीड टन गाडीचा भार टांगणे म्हणजे जीर्ण दोरीने विहिरीत उतरणे आहे. तो जॅक कपाटातच बरा. डिकीत मी आता आसाखाली बसणारा, रुंद बुडाचा जॅक ठेवतो. परीक्षक गुण कापतात. कापोत.

यावर कोणी म्हणेल, एवढ्या सामानापेक्षा गाडी बाहेरच काढू नये. हा शहाणपणा नव्हे, ही शरणागती झाली. गाडी चालण्यासाठी घडवली आहे आणि रस्त्याने जाण्याचा तिचा हक्क मला मान्य आहे. माझे म्हणणे इतकेच की तो हक्क डिकीतून सुरू होतो. सामान तरी किती? आपल्या गाडीला नेमका बसणारा पाना आणि त्याला लावायला पाईप. योग्य जॅक, त्याखाली द्यायला फळी. दोन पाचरी. हवा तपासलेली स्टेपनी, एक जादा ट्यूब, पंप आणि दाब मोजायचे गेज. हातमोजे, बॅटरी आणि मागे ठेवायचा चमकता त्रिकोण. आटे उलटे असतील तर तसे लिहिलेली चिठ्ठी डिकीच्या झाकणाला आतून चिकटवलेली. मुलांची उशी आणि फराळाचे डबे ठेवूनही जागा उरते. मी ठेवून पाहिले आहे.

क्रमही थोडा आहे. गाडी सपाटीला घ्यावी. घाटात सपाटी नसेल तर निदान वळण टाळावे. माणसे उतरवून रस्त्याच्या आतल्या बाजूला उभी करावीत. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पाचरी. बोल्ट अर्धवट सैल करायचे ते चाक जमिनीवर असतानाच. मग जॅक. गाडीच्या पोटाखाली कोणी हात घालायचा नाही, कुतूहलानेसुद्धा. चाक बसवल्यावर बोल्ट एकापाठोपाठ एक न आवळता समोरासमोरचे आवळावेत आणि दहावीस मैलांवर थांबून पुन्हा पाहावेत.

हे वाचून पाठ होत नाही. म्हणून माझी एक विनंती आहे. या दिवाळीत एका दुपारी, जेवणे झाल्यावर, गाडी दारातच उभी करून एक चाक काढा आणि परत बसवा. पुढचे डावे काढा, मागचे उजवे काढा, कोणतेही काढा. मुलगे, मुली, सुना, जावई, सर्वांना पान्याला हात लावू द्या. नातवंडांना पाचरी लावण्याचे काम द्या. आमच्या घरी ते काम त्या नातवाकडेच आहे आणि त्याने 'लावल्या' म्हटल्याशिवाय मला जॅकला हात लावता येत नाही. काय बसत नाही, काय हरवले आहे, कोणता बोल्ट कोणत्या बाजूला फिरतो, ते सारे दारातच कळेल. दारात कळले तर कोणीतरी हसेल आणि आतून चहा येईल. घाटात यांतले काहीच होत नाही.