शहाणा मुलगा

गेल्या पावसाळ्यात माझ्या चार वर्षांच्या भाच्याला न्यूमोनिया झाला. कॅसलरॉकहून मोठ्या हॉस्पिटलात जायचं म्हणजे लोंढ्यावरून बेळगाव, नाहीतर घाट उतरून गोवा. आम्ही बेळगाव गाठलं. भावजी रेल्वेत, घाटात दरड कोसळण्याचे दिवस, त्यांना सुट्टी कुठली? बहिणीबरोबर मीच राहिले.

पहिले दोन दिवस त्याने वॉर्ड डोक्यावर घेतला. तिसऱ्या दिवशी मात्र गप्प. सुई टोचायला आले की स्वतःच हात पुढे करायचा. सगळे म्हणाले, "किती शहाणा मुलगा!" खरं सांगते, मलाही हायसं वाटलं.

रात्री बहीण जेवायला खाली गेली, तेव्हा त्याने हळूच विचारलं, "मावशी, मी पावसात भिजलो म्हणून आईने मला इथे ठेवलंय का? आता नाही भिजणार."

तीन ते सहा वर्षांच्या मुलांना आजार ही शिक्षा वाटू शकते, हे मी नंतर वाचलं. आणि आपणच तर म्हणतो, "ऐकलं नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील!" आमच्या घरातही हे वाक्य होतंच.

गप्प झालेलं मूल रुळलं, असं पूर्वी डॉक्टरही समजत. इंग्लंडमध्ये तेव्हा आईवडिलांना ठरावीक वेळेपुरतंच भेटू देत. १९५२ साली जेम्स रॉबर्टसन यांनी लंडनच्या हॉस्पिटलात आठ दिवस राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट केला. मूल आधी आकांत करतं, मग खचतं, मग आईपासूनच तुटल्यासारखं वागतं, असं त्यांचं निरीक्षण होतं. पुढे १९५९ च्या प्लॅट अहवालाने पालकांना मुलांजवळ येऊ द्या, असं सांगितलं. आपल्याकडे आई खाटेखाली पथारी टाकते, ते बरंच म्हणायचं.

वयागणिक भीती बदलते. आठ-नऊ महिन्यांच्या बाळाला अनोळखी चेहरेच नको असतात. शाळकरी मुलाला शरीराचं काय होणार याची धास्ती. शेजारच्या खाटेवरची तेरा वर्षांची मुलगी सुईला मुळीच घाबरत नव्हती. पण डॉक्टरांचा घोळका आला की चादर हनुवटीपर्यंत ओढून घ्यायची. तिला फक्त पडदा हवा होता.

भाच्याला म्हटलं, "नाही रे राजा. छातीत जंतू शिरलेत, म्हणून आलोय. तुझी काही चूक नाही. बरा झालास की आईबरोबरच घरी जायचंय."

तो माझ्याकडे बघत राहिला आणि मोठ्याने रडू लागला. नर्सबाई धावत आल्या, "अहो, आता तर शांत होता!"

मी म्हटलं, "रडू दे."